शेवटचा पीस

नवी पेठेत आमची पहिली थाप म्हणजे एसी.
बाहेर त्रेचाळीस. काच ढकलली की माणूस
आधी घाम पुसतो, मग भाव विचारतो,
आणि एकदा गार झालेल्या माणसाला
'बघून येतो' म्हणून परत उन्हात जाववत नाही.

हे मला मल्लिनाथ सरांनी शिकवलं.

'फक्त आज' हा बोर्ड पाडव्यापासून लटकतोय,
रोज सकाळी मीच त्याच्यावर फडकं मारतो.
'शेवटचा पीस' म्हणायचं, माळ्यावर नऊ आहेत.
चक्र फिरवा, बक्षीस जिंका.
कुठंही थांबलं तरी स्टीलची बाटलीच निघते.
आठ जीबी सांगायचं:
चार खरे, चार फोननं मनात धरलेले.
भावाच्या डोक्यावर एक चांदणी असते,
तिचा अर्थ पत्रकाच्या तळाला,
मुंगीनं लिहिल्यासारखा.

दुपारी अडीचला राजमणी गुंडेटी आल्या,
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून,
नात लहरी सोबत.
बोटांच्या पेरांवर तंबाखूचा तो पिवळेपणा
जो कुठल्याच साबणाला दाद देत नाही. मला माहीत आहे.

म्हणालो, मावशी, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव.
व्याज शून्य टक्के.
आत्ता फक्त तीन हजार भरा,
मग साडेबाराशे महिना, गेलेले कळणारसुद्धा नाहीत.
कव्हर फ्री. काच फ्री.

लहरीच्या हातात फोन मी आधीच दिला होता.
तेही शिकवलेलंच:
पोरीच्या हातात द्यायचा
आणि परत मागायचा नाही.

'किती महिने?'
आठ.
'थांब. मी मोजालीय.'

अंगठा पेरांवरून सरकत गेला.
ही मोजणी मी लहानपणापासून बघतोय,
पंचवीसचा कट्टा, ओठ न हलवता,
टीव्हीवर मालिका चालू असताना,
कुकरच्या शिट्ट्यांमधून, न चुकता.

'हप्त्याला सहा हजार विड्या.
आठ हप्त्यांच्या अठ्ठेचाळीस हजार.
वर आत्ताचे तीन.
हे तेरा झाले की रे.
दहाचा म्हणालास.'

मी म्हणालो, फाइल चार्ज.
मी म्हणालो, विमा.
मी म्हणालो, किट असतं एक, त्यात कव्हर, काच…
'ती फ्री होती ना?'

एसीचा आवाज ऐकू यायला लागला.

माझ्या गळ्यातलं कार्ड पालथं होतं.
त्यांनी ते सुलटं केलं, नातीला वाचायला लावलं.
कुरापाटी.
'मन पिल्लोडेना?' आपलाच की पोरगा!
'आई काय करती?'
घरीच असते, म्हणालो.
त्या काही बोलल्या नाहीत, फक्त
जवळ वाकून श्वास घेतला.
कंपनीचा टी-शर्ट. रोज धुतलेला.
तरी आमच्या घराचा वास त्याला असणारच.

'कारखान्यात आमची बी छाट काढतेत,' म्हणाल्या,
'शंभरात आठ. चांगल्या असल्या तरी.
काढणारा असाच, लई गोड बोलतोय.'

विमा मी खोडला. किट खोडलं.
फाइल चार्ज माझ्या हातात नाही, म्हणालो.
खरं म्हणजे सरांना विचारलंच नाही.

फोन त्यांनी घेतला. घेणारच होत्या;
लहरीनं तोवर त्यात आरशातला फोटो काढला होता,
ती, आजी, आणि मागं मी,
तोंड अर्धं उघडं, 'शेवटचा' म्हणताना.
पैसे ब्लाऊजमधल्या पाकिटातून निघाले,
शंभराच्या नोटा, दोनदा मोजून.
चक्र फिरवा मावशी, म्हणालो.
'कशाला फिरवायचं? बाटली दे.'

रात्री घरी दिव्याखाली सूप, सुपात पानं.
आईनं मान वर केली नाही.
'आज किती झाले?'
सहा, म्हणालो.
'हजार?'
ती म्हणाली, दातानं दोरा तोडत.